ग्रीक पुराणकथांचा बोध ‘गर्व करू नका’ एवढाच आहे का?

तुम्ही लिहिलंय की दहा वर्षांच्या मुलाला रोज रात्री एक ग्रीक गोष्ट वाचून दाखवता, आणि महिनाभरातच तुम्हाला वाटायला लागलं की प्रत्येक गोष्टीखाली एकच बोध छापलेला आहे: गर्व करू नका, देव शिक्षा करतात. इकॅरस उंच उडाला आणि पडला. अराक्नीने फुशारकी मारली आणि कोळी झाली. या कथांमध्ये याहून वेगळं, नैतिक म्हणावं असं काही आहे की नाही, हा तुमचा प्रश्न.

आहे, आणि भरपूर आहे. फक्त ते शेवटच्या ओळीत नसतं. मुलांच्या पुस्तकात ज्या मधल्या ओळी गाळतात, तिथे ते असतं. मी गेली काही वर्षं आमच्या गावच्या वाचनालयात रविवारी सकाळी मुलांना गोष्टी सांगते. मला ग्रीक येत नाही, सगळं इंग्रजी भाषांतरांतून वाचलेलं. पण एकच कथा दोन-तीन कवींकडून वाचायची सवय लागली आणि त्यातून बरंच काही हाती लागलं.

आपला घोळ इसापपासून सुरू होतो असं मला वाटतं. तंजावरच्या सरफोजीराजांच्या काळापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून, इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या जातायत. गोष्ट संपली की ‘तात्पर्य’ असायचंच, ही सवय आपल्या हाडीमाशी भिनली आहे. इसापही ग्रीकच, पण त्याच्या गोष्टी आणि पुराणकथा यांचं कूळ वेगळं. पुराणकथेला ठरलेलं तात्पर्य नसतं. तीच कथा महाकवी होमर एका अंगाने सांगतो, नाटककार सॉफोक्लीस दुसऱ्या, आणि प्रत्येक जण तिला वेगळा प्रश्न विचारतो.

इकॅरसचंच घ्या. मीही तो आधी तसाच सांगायचे. क्रीट बेटावर मिनॉस राजाच्या ताब्यात अडकलेला कारागीर डिडॅलस पिसं आणि मेण जोडून पंख करतो, मुलाला बजावतो की सूर्याजवळ जाऊ नकोस, मुलगा ऐकत नाही, मेण वितळतं. मग ओव्हिड वाचला. हा रोमन कवी, लॅटिनमध्ये लिहिणारा, पण ग्रीक कथांचा मोठा साठा त्याच्या पंधरा पर्वांच्या काव्यात आहे, इ.स. ८ च्या सुमाराचा. त्यात बाप मुलाला सांगतो ते असं: मधल्या वाटेने उड. खाली गेलास तर समुद्राच्या पाण्याने पंख जड होतील, वर गेलास तर ऊन ते जाळेल. दोन्ही धोके एकाच दमात सांगितलेत, आणि खालचा आधी. आपण वरचा तेवढा उचलला आणि पिढ्यान् पिढ्या मुलांना सांगत राहिलो की उंच उडू नका.

पुढच्या रविवारी मी गोष्ट पूर्ण सांगितली. एका मुलीने लगेच विचारलं, “म्हणजे घाबरून खालून उडाला असता तरी बुडालाच असता?” हो, बुडालाच असता. डेल्फीला अपोलोच्या देवळात ‘कशाचाच अतिरेक नको’ असं वचन कोरलेलं होतं. आपल्याकडे ‘अति तेथे माती’ म्हणतात तेच. भीतीचा अतिरेकसुद्धा त्यात येतो, हे त्या मुलीने माझ्याआधी ओळखलं.

पण गोष्ट इथेही संपत नाही. बाप पंख बांधत असतो तेव्हा त्याचे गाल ओले असतात, हात थरथरत असतात, आणि इकॅरस शेजारी बसून मेण अंगठ्याने मऊ करत खेळत असतो, बापाच्या कामात लुडबुड करत असतो. हा काही गर्विष्ठ माणूस नव्हे, हे पोर आहे. मुलगा बुडाल्यावर डिडॅलस स्वतःच्याच कलेला शाप देतो आणि त्याला पुरतो. त्याच वेळी जवळच्या चिखलातून एक तितर पंख फडफडवून आनंदाने ओरडतं. ते तितर म्हणजे डिडॅलसचा भाचा. बहिणीने बारा वर्षांचा मुलगा मामाकडे शिकायला ठेवला होता. माशाच्या काट्यावरून त्या पोराला करवत सुचली, वर्तुळ काढायचं कंपासही त्यानेच काढलं. मामाला हे सहन झालं नाही. त्याने भाच्याला अथीना देवीच्या गडावरून ढकललं आणि तो पाय घसरून पडला असं लोकांना सांगितलं. अथीनाने पडत्या मुलाचा पक्षी केला, म्हणून तितर अजूनही उंच उडत नाही, उंचावर घरटं बांधत नाही.

आता सांगा, या कथेत उंचावरून पहिल्यांदा कोण पडलं? मला तर ही गर्वाची कथा वाटतच नाही. हाताखालच्या हुशार मुलाचं मोठ्या माणसाला ओझं झालं, आणि मग त्याच मोठ्या माणसाला स्वतःचा मुलगा उंचावरून पडताना सोसावा लागला, अशी ती आहे.

इथे मूळ ग्रीक शब्दाकडे वळते, कारण सगळी गल्लत त्या एका शब्दाच्या भाषांतरात आहे. पुस्तकं ‘गर्व’ म्हणतात तिथे ग्रीक शब्द बहुधा ‘ह्युब्रिस’ असतो. तत्त्वज्ञ अॅरिस्टॉटलने त्याची फोड केली आहे: दुसऱ्याची मानहानी होईल असं काही करणं किंवा बोलणं, आणि तेही कुठल्या फायद्यासाठी नाही, केवळ त्यात मजा वाटते म्हणून. असे लोक दुसऱ्याला खाली दाबलं की आपण मोठे झालो असं समजतात, हेही तो सांगतो. अथेन्समध्ये ह्युब्रिस हा कायद्याने गुन्हा होता. समोरचा पुरुष असो, स्त्री असो, मूल असो, अगदी गुलाम असो, त्याच्याशी असं वागल्याबद्दल खटला भरता येत असे. मनातल्या मनात स्वतःला थोर समजण्यावर कोणी खटला भरत नाही. म्हणजे हा गर्व नव्हे. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे: माज. गर्व माणूस स्वतःपाशी ठेवू शकतो. माज दाखवायला समोर कोणीतरी लागतो, आणि तो आपल्यापेक्षा कमजोर लागतो.

हा शब्द हाती आला आणि मला या कथा वेगळ्या दिसायला लागल्या. ज्याच्यावर आपला जोर चालतो त्याच्याशी आपण कसे वागतो, हा प्रश्न त्यांत पुन्हा पुन्हा येतो. दारात आलेला पाहुणा, पाया पडलेला शत्रू, आजारी सोबती, न पुरलेलं प्रेत, मुकं झाड.

इ.स.पू. ७०० च्या आसपासचा हेसिअड हा याचा जुना साक्षीदार. बिओशियातल्या आस्क्रा गावचा शेतकरी कवी. पर्सीस नावाच्या भावाशी वडिलोपार्जित वाटणीवरून त्याचं भांडण झालं. अस्सल भाऊबंदकी. भावाने निवाडा करणाऱ्यांना चारलं आणि जास्तीचं लाटलं. त्या निवाडा करणाऱ्यांना हेसिअड जो शब्द वापरतो त्याचा शब्दशः अर्थ ‘नजराणे खाणारे’. लाच ‘खातात’ हे मराठीत कोणाला समजावून सांगावं लागत नाही. या भांडणावरच्या कवितेत तो म्हणतो की पूर्णापेक्षा अर्धं किती जास्त असतं हे या मूर्खांना कळत नाही.

तर या कवितेत तो राजांना एक गोष्ट सांगतो. ससाण्याने बुलबुल पंजात पकडलाय आणि ढगांतून नेतोय. बुलबुल रडतोय. ससाणा म्हणतो, ओरडतोस कशाला, तू गाणारा असलास तरी मी नेईन तिकडे तुला यावं लागेल, वाटलं तर खाईन, वाटलं तर सोडीन. बलवानाशी झगडतो तो मूर्ख, एवढं ससाणाच सुनावतो आणि गोष्ट तुटते. कवीचं स्वतःचं तात्पर्य नाही. पुष्कळ ओळी गेल्यावर हेसिअड भावाला सांगतो की मासे, जनावरं, पक्षी एकमेकांना खातात, कारण त्यांच्यात न्याय नाही, माणसाला मात्र देवांच्या राजाने, झ्यूसने, न्याय दिला आहे. पंजा आणि न्याय यांच्यामध्ये त्याने मुद्दाम एवढं अंतर ठेवलं असावं असं मला वाटतं. ऐकणाऱ्याने मधल्या वेळात अस्वस्थ व्हावं.

मुलांना सगळ्यात जास्त आवडते ती एरिसिक्थॉनची गोष्ट. आपल्या भागात तर ती आवर्जून सांगावी. ती दोन कवींनी सांगितली आहे, इ.स.पू. तिसऱ्या शतकातल्या कॅलिमॅकसची मला अधिक भावते. डिमीटर ही धान्याची देवी, तिची एक राखलेली राई होती. राजपुत्र एरिसिक्थॉन वीस गडी घेऊन कुऱ्हाडींसह तिथे शिरला. पहिला घाव बसला तसं झाड कण्हलं. देवी स्वतःच्याच पुजारिणीचं रूप घेऊन आली आणि हळूच म्हणाली, बाळा, ही झाडं देवाची आहेत, गड्यांना मागे घे. तो म्हणाला, बाजूला हो नाहीतर ही कुऱ्हाड तुझ्या अंगात घालीन. या लाकडाने मला माझ्या मित्रांच्या मेजवान्यांसाठी दालन बांधायचंय. देवी म्हणाली, बांध, जरूर बांध, यापुढे तुला मेजवान्या पुष्कळ लागतील. आणि त्याला भूक दिली. जेवढं खाईल तेवढी वाढणारी भूक.

यात दोन जागा अशा आहेत की त्या सोडू नका. देवी खऱ्या रूपात उभी राहते तेव्हा गडी कुऱ्हाडी झाडातच सोडून पळतात, आणि ती त्यांना जाऊ देते. ते मालकाच्या हुकमाखाली आले होते, असं कवी कारण देतो. हुकूम देणारा आणि हुकमाचा ताबेदार यांच्या दोषात देवी फरक करते. दुसरी जागा आईची. मुलगा दिवसभर खातोय हे चारचौघांत कसं सांगायचं? लग्नाची, सणाची आमंत्रणं येतात आणि ती माउली सबबी सांगते: तो वसुलीला परगावी गेलाय, त्याला रानडुकराने जखमी केलंय, त्याला थाळीफेकीतली थाळी लागली. शेवटी घरातली खेचरं, शर्यतीचा घोडा, मांजरसुद्धा खाऊन झाल्यावर तो राजपुत्र चव्हाट्यावर बसून लोकांचं उष्टं-खरकटं मागतो. ओव्हिड याहून पुढे जातो. त्याच्या गोष्टीत बाप पोटच्या मुलीला विकतो आणि शेवटी स्वतःचेच लचके तोडतो.

सह्याद्रीतल्या देवरायांमध्ये वाळलेली काटकीही उचलायची नाही, हे ज्यांनी आजीकडून ऐकलंय त्या मुलांना ही गोष्ट परकी वाटत नाही. आमच्याकडे एका मुलाने सांगितलं की त्याच्या गावच्या राईचा देव असाच कडक आहे. मी त्याला पुढे बोलू दिलं, आणि त्या दिवशी ग्रीक गोष्ट अर्धीच झाली.

ओव्हिडने या गोष्टीच्या अगदी आधी बॉकिस आणि फिलेमॉनची गोष्ट ठेवली आहे. एकाच जेवणाच्या पंगतीत, एकामागून एक सांगितलेल्या. फ्रिजियात दोन देव वाटसरूंच्या वेषात हजार दारं ठोठावतात, सगळी बंद होतात, एका म्हाताऱ्या जोडप्याचं झोपडं उघडतं. मेजाच्या तीन पायांपैकी एक आखूड, म्हणून म्हातारी त्याखाली खापराचा तुकडा सरकवते आणि मग पुदिन्याने मेज पुसते. ‘अतिथी देवो भव’ आपण पाठ केलंय. इथे खापराचा तुकडा सरकवणारे हात दिसतात. पुढे देव त्या निष्ठुर वस्तीला पाण्याखाली घालतात, आणि वाचलेलं हे जोडपं टेकडीवर उभं राहून शेजाऱ्यांसाठी रडतं. ज्यांनी दार लावलं होतं त्यांच्यासाठी. ही एक ओळ मी कधीच गाळत नाही. दोघांनी एकाच घटकेला मरण मागितलं, म्हणून देवांनी त्यांना शेवटी झाडं केलं, एकमेकांशेजारी. त्या झाडांवर लोक माळा घालत. ओव्हिडच्या गोष्टीत एरिसिक्थॉनने तोडलेल्या झाडावरही माळा होत्या.

तुमचा मुलगा एक ना एक दिवस विचारेल की देव स्वतः माज करत नाहीत का. करतात. अराक्नी ही एका रंगाऱ्याची मुलगी, तिचं विणकाम अथीनापेक्षा सरस आहे की नाही यावर पैज लागते. ओव्हिडमध्ये अथीनाला त्या वस्त्रात एकही खोट सापडत नाही. म्हणूनच ती चिडते, कापड फाडते आणि धोटा अराक्नीच्या कपाळावर मारते. हरली म्हणून शिक्षा झाली, असं मुलांना सांगू नका; ते खरं नाही. खुद्द ग्रीकांनाही देवांचं हे वागणं पटत नव्हतं. होमर आणि हेसिअडने माणसाची चोरी, व्यभिचार, फसवणूक सगळी देवांना चिकटवली, असं झेनोफेनीस या तत्त्वज्ञाने स्पष्ट लिहिलं. प्लेटोला तर यातल्या काही कथा लहान मुलांच्या कानावर पडूच नयेत असं वाटे. मला प्लेटोचं पटत नाही. बलवान माणूस देव असला तरी चुकू शकतो, हे मुलांना गोष्टीतून कळलेलं बरं.

आता ज्या कथेसाठी मी हे सगळं लिहायला बसले ती. फिलॉक्टेटीस. सॉफोक्लीसचं हे नाटक इ.स.पू. ४०९ मध्ये झालं, तेव्हा तो ऐंशीच्या पुढे होता. ट्रॉयच्या युद्धाला निघालेल्या ग्रीकांपैकी फिलॉक्टेटीसला वाटेत साप चावला. पाय चिघळला, वास सुटला, तो रात्रंदिवस ओरडायचा, देवकार्यही धड होईना. सोबत्यांनी त्याला लेम्नॉस बेटावर झोपेत टाकलं आणि जहाजं हाकारली. युद्धाच्या दहाव्या वर्षी भविष्य कळलं की तो आणि त्याच्याजवळचं महावीर हेराक्लीसचं धनुष्य आल्याशिवाय ट्रॉय पडणार नाही. मग ग्रीकांचा धूर्त सरदार ओडिसियस आला, सोबत ग्रीक वीर अकिलीसचा तरुण मुलगा नीऑप्टॉलेमस. ओडिसियस त्याला म्हणतो, त्याला खोटं सांगून धनुष्य काढून घे. पोरगा म्हणतो, मी जबरदस्तीने नेईन, पण फसवणार नाही. त्यावर ओडिसियस जे सांगतो ते प्रत्येकाने कधी ना कधी कोणाकडून तरी ऐकलेलं असतं: आजच्या दिवसापुरती लाज बाजूला ठेव, मग उरलेलं सगळं आयुष्य सज्जन म्हणून जग.

पोरगा मान्य करतो. खोटं सांगतो, आणि ते उत्तम जमतं. दहा वर्षं बेटावर एकट्याने काढलेला तो माणूस त्याच्यावर जीव टाकतो. मग वेदनेची कळ येते. फिलॉक्टेटीस आपल्या हाताने धनुष्य त्याच्याकडे देतो आणि म्हणतो, मी शुद्धीवर येईपर्यंत सांभाळ, मला सोडून जाऊ नकोस. आणि झोपतो. काम फत्ते झालंय. धनुष्य हातात आहे, समोर आजारी माणूस झोपलाय, जहाज तयार आहे. तो मुलगा हलत नाही. फिलॉक्टेटीस जागा होऊन त्याचे आभार मानू लागतो, तेव्हा त्याच्या तोंडून निघतं, “आता मी काय करू?” पुढे तो खरं सांगतो, आणि ओडिसियसने तलवारीला हात घातला तरी धनुष्य परत देतो.

कोणी देव त्याला शिक्षेचा धाक घालत नाही. उलट परत देण्यात त्याचं नुकसानच आहे. त्याला फक्त त्या माणसाच्या वेदना जवळून बघाव्या लागल्या. या प्रसंगात मुलं एकदम गप्प होतात, मी पाहिलंय.

शेवटी मरणानंतर देव झालेला हेराक्लीस प्रकट होऊन दोघांनाही ट्रॉयला जायला सांगतो आणि बजावतो: शहर लुटाल तेव्हा देवांचा मान राखा. अथेन्सच्या प्रेक्षकांना पुढचं माहीत होतं. ट्रॉय पडल्यावर तिथल्या म्हाताऱ्या प्रायम राजाला झ्यूसच्या वेदीपाशी ठार मारणारा हाच नीऑप्टॉलेमस. ज्याने एकदा लाज राखली तोच. हे मी लहान मुलांना सांगत नाही, चौदा-पंधराच्या पुढच्यांना सांगते.

आणि प्रायम म्हणजे तोच, जो होमरच्या इलियड या महाकाव्याच्या शेवटच्या, चोविसाव्या पर्वात याच मुलाच्या बापाकडे गेला होता. अकिलीसने प्रायमच्या मुलाला, हेक्टरला, मारलंय, त्याचं प्रेत रथामागे फरफटवलंय. रात्री म्हातारा बाप शत्रूच्या तंबूत शिरतो, गुडघ्यांना मिठी मारतो आणि ज्या हातांनी त्याची मुलं मारली त्या हातांचं चुंबन घेतो. तुझ्या वडिलांना आठव आणि माझ्या मुलाचं प्रेत परत दे, एवढंच मागतो. दोघंही रडतात, एक मुलासाठी, दुसरा बापासाठी आणि युद्धात मेलेल्या मित्रासाठी. अकिलीस काही संत होत नाही. मध्येच त्याचा आवाज चढतो, म्हातारा घाबरतो. प्रेत धुवायला सांगतानाही ते प्रायमच्या नजरेआड धुवा असं तो सांगतो, कारण बाप भडकला तर आपला हात आवरणार नाही, हे त्याला ठाऊक आहे. स्वतःच्या रागाची इतकी अचूक ओळख असलेला माणूस मला दुसऱ्या कुठल्या कथेत भेटला नाही. मग तो म्हाताऱ्याला जेवायला लावतो. मुलगा गेल्यापासून प्रायमच्या पोटात अन्न नव्हतं.

झोपायला जाण्याआधी अकिलीस विचारतो, अंत्यविधीला किती दिवस लागतील? प्रायम सांगतो, नऊ दिवस शोक, दहाव्या दिवशी दहन, अकराव्या दिवशी माती लोटून चौथरा, आणि लढायचंच असेल तर बाराव्या दिवशी लढू. अकिलीस कबूल करतो, आणि म्हाताऱ्याच्या मनातली भीती जावी म्हणून त्याचं उजवं मनगट हातात धरतो.

दहा वर्षांच्या मुलाला मी आधी एरिसिक्थॉन सांगेन, मग फिलॉक्टेटीस, आणि मग ही रात्र. मनगटापाशी थांबा. युद्ध संपलं का, असं तो विचारेल. अकरा दिवस थांबलं, असं सांगा.